करंट येतोय का?

मोपेड चालू असताना तिच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. बंद पडली की मात्र पाच मिनिटांत तिच्याभोवती परिसंवाद भरतो. अध्यक्ष आपोआप ठरतात, म्हणजे ज्यांच्या फाटकासमोर ती बंद पडली ते. वक्ते चालत येतात, श्रोते गॅलरीत उभे राहतात आणि ज्याची मोपेड आहे तो बिचारा आभारप्रदर्शनापुरता उरतो. मोटार बंद पडली तर लोक लांबूनच बघतात, कारण मोटार ही कुणाची तरी ऐपत असते. बुलेट बंद पडली तर तिचा मालक सहसा दांडगा असतो, त्याला शिकवायला जायची कुणाची छाती होत नाही. मोपेडचं तसं नाही. ती मुळात सायकल, आणि सायकलीतलं सगळ्यांनाच सगळं कळतं.

या सार्वजनिक ज्ञानाला महाराष्ट्रात भरती आली ती १९७२ नंतर. त्या वर्षी कायनेटिक इंजिनिअरिंगने पुण्यातून लूना आणली. कूळ इटलीतल्या पियाज्योच्या ‘चाओ’चं, इंजिन ५० सीसीचं दोन स्ट्रोकचं आणि खाली चक्क सायकलीची पायडलं. पुणं तेव्हा सायकलींचं शहर होतं, म्हणजे अर्ध्या शहराचे गुडघे बोलायला लागले होते. फ्रेंच वळणाची सुवेगा रस्त्यावर होतीच, पुढे हीरो मॅजेस्टिक आली, १९८० मध्ये दोघांना बसता येईल अशी टीव्हीएस ५० आली. सत्यनारायणाची पिशवी हँडलला अडकवलेले गुरुजी, बरण्यांसकट दूधवाला, प्रगतिपुस्तकांचा गठ्ठा मागे बांधलेल्या बाई, सगळे फटफटत हिंडू लागले. १९८८च्या मोटार वाहन कायद्याने बिनगिअरच्या दुचाकीला सोळाव्या वर्षीच परवाना मिळण्याची सोय ठेवली, त्यामुळे अकरावीतली मुलंही या पंथात दाखल झाली.

पायडलं हा मोपेडचा जामीन होता. पेट्रोल संपलं, इंजिन रुसलं तरी पायडल मारत घर गाठता येईल, असं विकणारा छातीठोकपणे सांगायचा. त्याने गणित तेवढं सांगितलं नाही. धडधाकट माणूस तासभर सायकल हाकतो तेव्हा जेमतेम शंभर-सव्वाशे वॉट शक्ती लावत असतो. मोपेडचं इंजिन दीड-दोन अश्वशक्तीचं, आणि एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. थोडक्यात, दहा-बारा माणसांचं काम करणारा गडी आजारी पडला की त्याला एकट्याने पाठुंगळी मारून घरी न्यायचं, अशी ती सोय. एकदा तिचा लाभ घेतलेला माणूस दुसऱ्यांदा पायडल मारत नाही. तो मुकाट्याने गाडी ढकलतो, आणि ढकलणारा माणूस दिसला की गल्ली जागी होते.

इंजिनाच्या मागण्या तशा तीनच. पेट्रोल, हवा आणि ठिणगी. तिन्ही वेळेवर आली की ते सुरू होतं, तिन्हींतलं एक चुकलं की होत नाही. इतक्या अल्पसंतुष्ट यंत्राबद्दल आपल्याकडे जेवढी मतं आहेत तेवढी मराठी रंगभूमीबद्दलही नसतील. या मतांची ढोबळमानाने तीन घराणी पडतात.

पहिलं पेट्रोल घराणं. याचा पहिला सवाल ठरलेला, “पेट्रोल आहे का?” हा सवाल माहितीसाठी नसतो, मालकाची पायरी ठरवण्यासाठी असतो. मालक उत्तरादाखल गाडी दोन्ही हातांनी गदागदा हलवतो. टाकीतून डबडब आवाज येतो. तो आवाज तमाम उपस्थितांनी कान देऊन ऐकला की पुढचा सवाल, “कॉक चालू आहे ना?” मग “रिझर्व्हला टाकून बघ.” मग “चोक ओढ.” गाडी स्टँडवर, मालक पायडलांवर उभा, मागचं चाक हवेत गरगर फिरतंय आणि गाडी तिथेच. घामाघूम होऊन तो उतरला की सवाल विचारणारे तेच काका नाक पुढे करून हुंगतात आणि म्हणतात, “ओव्हर झालं रे पेट्रोल. चोक बंद कर, एक्सलेटर फुल्ल दे आणि मार पायडल.” म्हणजे दोन मिनिटांपूर्वी पेट्रोल येत नव्हतं, आता पूर आलाय. दोन्ही निदानं एकाच माणसाची आणि दोन्हींच्या मधे त्याच्या चेहऱ्यावर रेघ हललेली नाही. यातलं कुठलंही एक खरं निघालं की श्रेय त्यांचंच.

याच घराण्यातली कडवी माणसं कार्बुरेटरपर्यंत जातात. जेट नावाचा पितळेचा एक चिमुकला बोळा असतो, त्याचं भोक मिलिमीटरपेक्षाही बारीक. टाकीतल्या गंजाचा एक कण त्यात बसला की इंजिन उपाशी. गाडी महिनाभर उभी राहिली तर पेट्रोल उडून जातं आणि त्यातलं ऑइल मागे चिकट होऊन बसतं, तेही तिथेच. जाणता माणूस जेट काढतो, तोंडाने फुंकतो आणि उजेडाकडे धरून बघतो. अर्धवट जाणता त्यात टाचणी घालतो. पितळ मऊ, टाचणी पोलादी. भोक साफ होतं आणि कायमचं मोठंही होतं. त्या दिवसापासून ती मोपेड लिटरला किती देते हा प्रश्न मालक चारचौघांत काढत नाही.

दुसरं करंट घराणं. ठिणगी हा पुस्तकी शब्द, गल्लीत विचारतात, “करंट येतोय का?” प्रत्येक गल्लीत एका घरी प्लग-पाना असतो आणि त्या घराला त्यामुळे एक प्रतिष्ठा असते. पाना येतो, प्लग निघतो आणि मग तो हातोहात फिरतो. लग्नाच्या मुलीचा फोटोसुद्धा इतक्या बारकाईने बघत नसतील. खरं म्हणजे प्लग हा प्रामाणिक साक्षीदार आहे, विचारलं ते सगळं सांगतो. टोक ओलं असेल तर पेट्रोल येतंय पण पेटत नाही. कोरडं असेल तर पेट्रोल पोचतच नाही. चॉकलेटी असेल तर इंजिनाची तब्येत ठणठणीत. काळं, तेलकट असेल तर ऑइल जास्त. दोन टोकांतली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, साधारण हॅकसॉच्या पात्याएवढी. त्या फटीत कार्बनचा एक केस आडवा पडला की ठिणगी उडायच्या ऐवजी वीज त्या केसावरून मुकाट निघून जाते. म्हणून प्लग घासायचा. पॉलिश पेपर असेल तर पॉलिश पेपरने, नाहीतर काड्यापेटीच्या कडेने. काड्यापेटी देणारा माणूस पुढे आयुष्यभर सांगतो की गाडी त्याने चालू करून दिली.

घासून झालं की परीक्षा. प्लग टोपीत बसवायचा, त्याचं अंग इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचं आणि एकाने पायडल मारायचं. निळी ठिणगी कडकडली तर करंट आहे. प्लग धरायचा मान कॉलेजातल्या मुलाकडे जातो, कारण बाकीच्यांना पूर्वानुभव असतो. मुलगा प्लग धरतो, पण लोखंडाला टेकवायला विसरतो. वीज लोखंडापर्यंत जायला दुसरा रस्ता शोधते आणि तो रस्ता मुलाच्या हातातून जातो. मुलगा “आयला!” करून उडतो. अध्यक्ष समाधानाने मान डोलावतात, “करंट आहे.”

तिसरं घराणं सायलेन्सरवाल्यांचं. या लोकांना धुराची भाषा कळते. दोन स्ट्रोकच्या इंजिनाला वंगणाची वेगळी सोय नसते, पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळायचं. पंपावरचा पोऱ्या विचारायचा, “ऑइल किती?” आणि आपला माणूस कंपनीने दिलेल्या मापापेक्षा थोडं जास्तच सांगायचा. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील, पण इंजिन कोरडं राहायला नको. ते जास्तीचं ऑइल अर्धवट जळून निळा धूर होतं आणि उरलेलं सायलेन्सरमध्ये कार्बन होऊन थर धरतं. बाहेरची वाट बुजली की आत नव्या हवेला जागाच नाही. मग गाडी चढावर मान टाकते आणि एक दिवस सुरू व्हायचंच नाकारते. उपाय असा की सायलेन्सर उतरवायचा, विस्तवात लालबुंद तापवायचा आणि ठोकून काजळी झाडायची. हे निदान शंभरातल्या थोड्या वेळा बरोबर असतं, पण त्यात जाळ असल्याने लहान मुलांचा पाठिंबा कायम मिळतो.

हे वेड आपल्याच गल्लीपुरतं आहे असं नाही. १९४६ साली जपानमध्ये हामामात्सु गावी सोइचिरो होंडा नावाच्या माणसाने लष्कराच्या रेडिओच्या जनरेटरची उरलीसुरली इंजिनं मिळवून ती सायकलींना बसवली. पेट्रोलची टंचाई होती, तर त्यात टर्पेंटाइन मिसळलं. चालवून बघायला बायकोला, साची होंडांना, भर रस्त्यातून पाठवलं. त्या परतल्या तेव्हा त्यांचे चांगले कपडे तेलाने माखलेले होते. तक्रार त्यांनी केली, कंपनी त्यांनी काढली. सर्वनामं मराठीत सारखी दिसतात, माणसं वेगळी होती.

तर आपल्या गल्लीत. तिन्ही घराण्यांचं गाऊन झालं की शेवटी मिस्त्री येतो. खरा मिस्त्री ओळखायची खूण अशी की तो बोलत नाही. तो आधी मालकाला एकच विचारतो, “बंद कशी झाली? झटक्यात, की हळूहळू जीव सोडत?” हा प्रश्न तोवर कुणीच विचारलेला नसतो, कारण त्याचं उत्तर दुसऱ्याला द्यायचं असतं. मालक म्हणतो, “हळूहळू.” मिस्त्री प्लग बघतो. कोरडा. तो मघापासून कोरडाच होता, तो सगळ्यांच्या हातातून फिरला होता, घासला गेला होता आणि त्याचं म्हणणं कुणी ऐकलं नव्हतं. मिस्त्री टाकीचं झाकण फिरवतो. सुस्स करून हवा आत जाते. झाकणाला हवेसाठी एक बारीक भोक असतं, ते धुळीने बुजलेलं. पेट्रोल खाली उतरायचं तर तेवढी हवा वरून आत यायला हवी, ती येत नव्हती. मिस्त्री भोकातून एक फुंकर मारतो, पायडल मारतो, गाडी फटफट सुरू होते.

आता गंमत बघा. पेट्रोल घराणं म्हणतं, “मी पहिल्यापासून सांगत होतो, पेट्रोलचाच प्रॉब्लेम.” करंट घराणं म्हणतं, “प्लग साफ झाला ना, म्हणून धरली.” सायलेन्सरवाले म्हणतात, “आत्ता धरली, पण बघा हं, चढावर दम टाकेल.” सभा सर्वानुमते संपते. सगळे जिंकून घरी जातात. मिस्त्री पाच रुपये मागतो, तेव्हा मालकाला वाटतं, नुसत्या फुंकरीचे पाच रुपये?

दुसऱ्या दिवशी तीच गल्ली, तीच मोपेड, तीच माणसं. फक्त आज चेन पडली आहे.

अध्यक्ष फाटकातून डोकावतात. “काय झालं?” “चेन पडली.” “अच्छा, चेन पडली,” असं म्हणून ते आत जातात. करंट घराणं सायकलवरून जाता जाता बघतं, “चेन का?” आणि पायडलचा वेग वाढवतं. इस्त्रीवाला टपरीतून मान काढतो, पण त्याच्यापुढे कुणाचातरी पांढरा शर्ट असतो. गॅलरीतले श्रोते वाळत घातलेले कपडे काढून आत घेतात. परिसंवाद भरत नाही. मालक एकटा उकिडवा बसलेला असतो.

असं का व्हावं? चेनमध्ये खोलात जायला जागा नाही असं कुणी म्हणेल, तर ते खोटं. बहुतेक मोपेडना मुळात दोन बाजूंना दोन भानगडी. एकीकडे पायडलची चेन, दुसरीकडे इंजिनाची. कुठे इंजिनापासून पट्टा आणि पुढे चेन. चेन ढिली झाली की खड्ड्यात दाते चुकवते आणि कव्हरवर खडखडते. फार ताणली तर बेअरिंग खाते, तुटतेसुद्धा. मधोमध बोट लावून वरखाली केली तर दीड-दोन सेंटिमीटर हलावी, तेवढी बरोबर. चेन ‘वाढली’ असं आपण म्हणतो, पण लोखंड काही वाढत नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि तिच्याभोवतीचं बुश एकमेकांना झिजवतात. शंभर कड्यांत कडीमागे मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढी झीज धरली तरी चेन एक सेंटिमीटरने लांबते. झिजलेली चेन मग चक्राचे दाते वाघनखांसारखे वाकडे करते, आणि त्या वाकड्या दात्यांवर नवी चेन चढवली तर दाते नव्या चेनला महिन्याभरात जुनी करून सोडतात. आहे की नाही चर्चेचा विषय? पण चर्चा होत नाही.

कारण चेन दिसते. इंजिनाचं दुखणं आत असतं, तिथे अंदाज लागतो, आणि अंदाज आहे तिथे मान आहे. चेन पडली हे शेंबड्या पोरालाही दिसतं. त्यावर मत काय देणार? ती फक्त चढवायची असते. आणि चढवायची म्हणजे कव्हरचे गंजलेले स्क्रू काढायचे, एक्सलचे दोन्ही बाजूंचे नट ढिले करायचे, चाक मागे ओढायचं, दोन्हीकडे सारखंच ओढायचं, नाहीतर चाक तिरकं बसतं आणि गाडी खेकड्यासारखी चालते. कडी जोडायची तर तिची क्लिप बसवायची. क्लिपचं बंद तोंड चेन धावते त्या दिशेला आणि फाकलेलं तोंड मागे, म्हणजे कशाला अडकून ती निघत नाही. ही क्लिप बोटाच्या नखाएवढी असते आणि पक्कडीतून सुटली की टिणकन उडते. ती कुठे पडली हे कुणीच सांगू शकत नाही. काल ज्यांना बंद इंजिनाच्या आतलं दिसत होतं, त्यांना आज उघड्या रस्त्यावरची क्लिप दिसत नाही.

आणि हात. इंजिनाच्या निदानात हात स्वच्छ राहतात, फार तर प्लगची काजळी एका बोटाला लागते आणि ती दाखवायला बरी असते. चेनचं काळं तसं नाही. ते जुनं ऑइल, धूळ आणि लोखंडाची झीज यांचं मिश्रण. ते नखांत शिरतं, पँटला लागतं, कपडे धुवायच्या पावडरने निघत नाही आणि रॉकेलने निघालं तर रॉकेलचा वास तीन दिवस राहतो. त्या हाताने दुपारी भात कालवायचा असतो. ज्ञान देणारा माणूस एवढा त्याग का करेल?

फ्रेंचांनी या प्रश्नावर वेगळा तोडगा काढला होता. त्यांची व्हेलोसोलेक्स १९४६ पासून विकली जाऊ लागली. तिचं इंजिन पुढच्या चाकावर बसवलेलं आणि ते एक रोलर थेट टायरवर दाबायचं. इंजिनाला चेनच नाही. पायडलला तेवढी राहिली. पाऊस पडला की रोलर ओल्या रबरावरून घसरायचा आणि मग पायडल मारणं आलंच, म्हणजे चेन फिरून नशिबी. तोडगा काढला तरी चेन माणसाला सोडत नाही, एवढा बोध त्यातून घ्यावा.

हा प्रकार मोपेडपुरता असता तर एवढं लिहिण्याचं कारण नव्हतं. सोसायटीची सभा आठवा. पाणी कमी का येतं, हा विषय निघाला की चार तास पुरत नाहीत. महापालिकेचं धोरण, धरणातला साठा, वरच्या मजल्यावरच्यांची मोटर, नळांचा व्यास. प्रत्येकाचा अभ्यास दांडगा. शेवटी कुणीतरी म्हणतं, टाकीत गाळ साचलाय, रविवारी उतरून काढू या. सभेला एकदम उशीर झाल्याचं सगळ्यांच्या लक्षात येतं. गणसंख्या इतक्या झटक्यात घसरलेली दुसऱ्या कुठल्या प्रसंगी दिसत नाही.

चेनच्या वेळी थांबणारी माणसं नसतात असं नाही. असतात, पण ती निदानाच्या सभेत कधी दिसलेली नसतात. टोपली घेऊन चाललेली भाजीवाली मावशी थांबते, टोपली उतरवते आणि म्हणते, “चाक मागं वढा दादा, मी धरते.” आपलं मत सांगत नाही. चेन दात्यांवर बसल्याचा खट् आवाज झाला की हात पदराला पुसते, टोपली उचलून द्यायला सांगते आणि चालू लागते. आभार मानायलाही सवड देत नाही.

आता लूना विजेवर आली आहे. २०२४ मध्ये कायनेटिक ग्रीनने ई-लूना बाजारात आणली. तिला प्लग नाही, कार्बुरेटर नाही, टू-टी ऑइल नाही. तिन्ही घराण्यांची गादी एका फटक्यात रिकामी झाली असं कुणाला वाटेल, पण विद्या अशी बुडत नाही. विजेची गाडी बंद पडली की आता पहिला सवाल येतो, “चार्ज आहे का?” मालक डिस्प्लेवरचे दांडके दाखवतो. मग “चावी बंद करून परत चालू कर.” मग “चार्जरची पिन जरा हलवून बघ.” मग “बॅटरी तापली असेल, सावलीत घे.” मग “बॅटरी थंड पडली असेल, उन्हात घे.” हे शेवटचे दोन सल्ले एकाच माणसाचे, हे वेगळं सांगायला नको. फक्त “करंट येतोय का?” हा प्रश्न मात्र आता पहिल्यांदाच रास्त झालाय.

तेव्हा आपली गाडी कुठल्याही इंधनावरची असो, ती बंद पडली आणि भोवती परिसंवाद भरला तर घाबरू नका. शांतपणे खाली वाका, मागच्या चाकाकडे बघा आणि म्हणा, “चेन पडलेली दिसतेय, जरा चाक धरता का?” मोपेडला चेन नसली तरी चालेल. रस्ता मोकळा होतो. शिवाय त्यातूनही कुणी थांबलंच, तर गाडी नक्की सुरू होईल असं समजा.